पॅरिसचे वार्तापत्र : स्कार्फ आणि स्त्रीवाद

फ्रान्समध्ये सरकारी शाळेच्या फाटकाशी आलेली मुस्लिम मुलगी डोक्यावरचा स्कार्फ काढून दप्तरात ठेवते आणि मगच आत जाते. सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हे घालण्यास २००४च्या कायद्याने बंदी आहे. विद्यापीठाला हा कायदा लागू नाही. तिथे तीच मुलगी स्कार्फ घालून वर्गात बसू शकते. सप्टेंबर २०२३पासून शाळेत पायघोळ अबायाही चालत नाही. पहिल्याच दिवशी २९८ मुली अबाया घालून आल्या. त्यांतल्या ६७ जणींनी तो काढायला नकार दिला, तेव्हा त्यांना घरी पाठवण्यात आले.

अशा बंदीला इथल्या अनेक ज्येष्ठ स्त्रीवाद्यांचा पाठिंबा आहे. १९६५मध्ये कायदा बदलेपर्यंत फ्रेंच नवऱ्याला बायकोच्या नोकरीत कायदेशीर आडकाठी घालता येत असे. गर्भपाताचा हक्क १९७५मध्ये मिळाला, तोही कॅथलिक चर्चचा विरोध मोडून. धर्मसत्तेशी भांडत मोठ्या झालेल्या या बायकांना स्कार्फमागे तीच सत्ता दिसते. १९८९मध्ये क्रेयच्या शाळेत तीन मुलींच्या स्कार्फवरून वाद पेटला, तेव्हा विचारवंत एलिझाबेथ बादांतेर यांनी शिक्षकांना माघार न घेण्याचे जाहीर आवाहन केले होते. सगळ्याच ज्येष्ठ मात्र या बाजूच्या नाहीत. सिमोन द बोव्हार यांच्या सहकारी क्रिस्तीन देल्फी यांनी २००४च्या कायद्याला कडाडून विरोध केला.

विद्यापीठांतल्या तरुण स्त्रीवाद्यांत देल्फींची बाजू अधिक रुजलेली दिसते. स्कार्फ काढून शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण त्यांनी शाळेत पाहिलेली असते. बाईने काय घालावे हे नवऱ्याने ठरवायचे नाही, तर मंत्र्याने का ठरवावे, असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

खुद्द मुस्लिम बायकांचेही एकमत नाही. अल्जीरियन कुटुंबातल्या फादेला अमारा यांनी २००३मध्ये उपनगरांतल्या मुलींवरील अत्याचारांविरुद्ध संघटना उभारली आणि शाळेतल्या बंदीला पाठिंबा दिला. उलट, हिजाब घालून फुटबॉल खेळणाऱ्या तरुणी सामन्यांतल्या बंदीविरुद्ध सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेल्या आणि जून २०२३मध्ये हरल्या.

अमारांना सरकारची हस्तक ठरवणे जितके सोपे, तितकेच या खेळाडूंना मौलवींच्या बाहुल्या म्हणणे सोपे. दोन्ही बाजूंच्या स्त्रीवाद्यांनी हा सोपा मार्ग अनेकदा धरला आहे. मुस्लिम बाईला स्वतःचे मत असते आणि ते दुसऱ्या मुस्लिम बाईपेक्षा वेगळे असू शकते, एवढे मान्य केल्याशिवाय इथला स्त्रीवाद तिचा होणार नाही.