९.८ मोठे की ९.७५?

पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की ठाणे जिल्ह्याच्या बातम्यांमध्ये पाण्याच्या पातळीचे आकडे येऊ लागतात. बदलापूरला इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर. तिथून खाली, कल्याणजवळच्या मोहन्याला इशारा ९ मीटरवर आणि धोका १० मीटरवर. नदीकाठच्या माणसाला त्यातून एवढंच हवं असतं, की आताचा आकडा धोक्याच्या आकड्यापेक्षा लहान आहे की मोठा.

हाच प्रश्न पाचवीच्या मुलांना विचारून पाहावा. समजा, मोहन्याला सकाळी पाणी ९.७५ मीटरवर होतं आणि दुपारी ९.८ मीटरवर आलं. पाणी चढलं की उतरलं? बरीच मुलं ‘उतरलं’ म्हणतात, कारण पंच्याहत्तर हे आठापेक्षा मोठे. जगभरच्या वर्गांत ही चूक होते आणि ती आळसातून होत नाही. ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी, हा पहिली-दुसरीत मिळालेला नियम मूल इथंही इमानदारीनं लावतं. त्याला नियम मिळालेला असतो, त्यामागचं कारण मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

हे कारण अवघड नाही. आपल्या संख्यालेखनात प्रत्येक स्थान त्याच्या उजवीकडच्या स्थानाच्या दहापट असतं. आर्यभटानं इ. स. ४९९च्या सुमारास हीच गोष्ट नोंदवून ठेवली. एकक आणि दशक या दोन्ही घरांत नऊ-नऊ भरले तरी ९९च होतात, शतकाच्या घरातल्या एकाला ते गाठू शकत नाहीत. म्हणून ४,१०० आणि ३,९९९ यांची तुलना डावीकडून करायची. हजाराच्या घरातच निकाल लागतो, पुढचे तिन्ही नऊ मदतीला येत नाहीत. ९.८ आणि ९.७५ मध्ये एककाचं घर सारखं आहे, म्हणून दशांशाच्या घरात जायचं. तिथं आठ आणि सात समोरासमोर आहेत. शतांशातला पाच बघण्याची वेळच येत नाही. ९.८ म्हणजे ९.८० हे एकदा चौकटीच्या कागदावर शंभरातली ऐंशी घरं रंगवून दाखवलं, की मूल ते सहसा विसरत नाही.

नदीच्या आकड्यांत शिकवण्याजोगं आणखी एक आहे. मोहन्याचे १०.२० आणि बदलापूरचे १६.२० यांत मोठी संख्या बदलापूरची. तरी त्या क्षणी मोहन्यानं धोक्याची पातळी ओलांडलेली असते आणि बदलापूर इशाऱ्याच्याही खाली असतं. संख्या लहान की मोठी हे कळल्यावर ती कशाशी ताडून पाहायची हेही कळावं लागतं. पाठ्यपुस्तकातल्या कोऱ्या चौकटींत हे कुठंच येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण खरी अडचण दशांशाच्या कितीतरी आधी, दुसरीच्या वर्गात सुरू होते आणि ती आपल्या मराठी संख्यानामांत आहे. ‘त्रेपन्न’ ऐकताना आधी तीन कानावर पडतात, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग तीन. मूल ऐकलं तसं लिहितं आणि ५३च्या जागी ३५ येतात. मग ‘त्रेपन्न आणि चव्वेचाळीस यांत मोठी कोणती’ याचं उत्तर चुकलं, तर त्याला तुलना येत नाही असा शेरा बसतो. तुलना त्यानं ३५ आणि ४४ यांची केलेली असते आणि ती अगदी बरोबर असते.

‘एकोण’ची नावं तर आणखी चकवतात. एकोणपन्नासमध्ये पन्नास स्पष्ट ऐकू येतात, म्हणून चढत्या क्रमात मूल त्याला पन्नासच्या पुढं बसवतं. एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते, ‘एकोणशंभर’ कुणी म्हणत नाही. रेयॉनच्या कारखान्याभोवती वाढलेल्या मोहन्यासारख्या वस्तीत काही घरांत हिंदी बोलली जाते. तिथलं मूल ८९ला घरी ‘नवासी’ म्हणतं, म्हणजे ऐंशी आणि नऊ. शाळेत त्याच संख्येच्या नावात नव्वद असतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सारख्या नावांसोबत ‘वीस एक’ अशी नावं आली, तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका शांतपणे मांडली होती: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं गणितालाच घाबरतात. नॉर्वेनं १९५१ साली हाच बदल अधिकृतपणे केला. दोन्ही पद्धती तिथं पुढंही बोलण्यात राहिल्या. जर्मन भाषेतही एकक आधी येतं आणि तिथल्या मुलांच्याही अंकांची अशीच अदलाबदल होते. माझं मत असं, की त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर ही नावं टिकायलाच हवीत, पण काही महिने ‘पन्नास तीन’ची सोबत मिळाल्यानं मराठीचं काहीही बिघडत नाही. त्या वेळी चर्चा भाषेच्या अस्मितेची झाली, वर्गातल्या मुलाची फारशी झाली नाही.

क्रमासाठी मोहन्याच्या मुलांकडे तयार साधन आहे. त्यांचं स्टेशन आंबिवली. त्याच्या लगतचं मागचं शहाड, लगतचं पुढचं टिटवाळा. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना चढता क्रम, परतताना उतरता. संख्यारेषा यापेक्षा वेगळी नसते.

चिन्हं सर्वांत शेवटी यावीत. < आणि > ही चिन्हं इंग्रज गणिती थॉमस हॅरियटच्या १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात आली. आपल्या वर्गात ती चोचीची किंवा मगरीच्या जबड्याची होतात, आणि मूल जबडा बरोबर वळवूनही ३५ < ५३ हे मोठ्यानं वाचताना अडखळतं. ‘३५ ही ५३पेक्षा लहान आहे’ या वाक्यात ‘लहान’ शेवटी येतं, चिन्ह मात्र मध्ये असतं. म्हणून आधी वाक्य तोंडी म्हणवून घ्यावं, मग चिन्ह लिहायला द्यावं.

निपुण भारत अभियानानं पहिलीअखेर ९९, दुसरीअखेर ९९९ आणि तिसरीअखेर ९,९९९ पर्यंतच्या संख्यांचं लक्ष्य ठेवलं आहे. लक्ष्य योग्य आहे, पण ते गाठण्याच्या घाईत काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या कपाटात जाऊ नयेत. पालकांना एकच विनंती. गृहपाठात वीस चौकटी असतील तर त्यांतल्या दोन घ्या, उत्तर बरोबर असो की चूक, मुलाला विचारा: ‘कसं ओळखलंस?’ आणि ते सांगून संपेपर्यंत मध्ये बोलू नका.