आगाशिवाच्या कातळातली ब्राह्मी

कोयनानगरहून पाटणमार्गे कऱ्हाडला निघाले की कोयना सोबतीला असते. कृष्णेला मिळण्याआधी तिच्या उजव्या अंगाला आगाशिवाचा डोंगर येतो. त्याच्या कातळात बौद्ध भिक्खूंचा एक अख्खा संघाराम कोरलेला आहे. जखिणवाडीच्या बाजूला २३ लेणी, दुसऱ्या सोंडेवर १९ आणि कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून विखुरलेली २२, अशी एकूण ६४. बार्टल फ्रेअर यांनी १८४९ च्या सुमारास ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. पुढे जेम्स बर्जेस यांनी त्यांची नोंद केली.

लेणी साधी आहेत. भिक्खूंच्या लहान खोल्या, निजायला दगडी ओटे, काही ठिकाणी स्तूप. जखिणवाडीच्या एका चैत्याच्या दाराशी दोन स्तंभ आहेत. एकावर चक्र, दुसऱ्यावर सिंह. बुद्धमूर्ती मात्र कोरलेली नाही, त्यावरून ही लेणी हीनयान परंपरेची, सुरुवातीच्या काळातली ठरतात.

पण इथे राहणाऱ्यांना आश्रय कुणी दिला? त्याचे उत्तर लेखातच मिळते. आगाशिवावरचा एक ब्राह्मी लेख प्राकृतात सांगतो, की हे लेणे गोपालाचा मुलगा संघमित्र याचे धर्मदान आहे. ना राजाचे नाव, ना शक, ना प्रशस्ती. बापलेकाची नावे आणि दिलेली वस्तू, एवढ्यावर मजकूर संपतो.

असा लेख वाचणे हे आधी हातांचे काम आहे. मऊ ब्रशने धूळ आणि शेवाळ काढायचे, दगड पाण्याने भिजवायचा आणि त्यावर ओला कागद बसवायचा. आतली हवा काढून घेतली की ताठ केसांच्या ब्रशने कागद ठोकायचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचेत उतरतो. जरासा सुकला की शाईचा बोळा वरच्यावर टिपत जायचे. सपाट भाग काळा होतो, खोल अक्षरे पांढरी उमटतात. बोळ्यात शाई जास्त झाली तर ती कागदातून झिरपून दगडाला डाग पडतो, म्हणून घाई चालत नाही. संरक्षित स्मारकावर अशा ठशासाठी आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

खरी कसोटी त्यानंतर. ब्राह्मीतला ‘व’ म्हणजे वर्तुळ आणि त्याच्या डोक्यावर उभी रेघ; ‘म’ म्हणजे तसेच वर्तुळ, पण वर दोन फाकलेली शिंगे. शिंगे झिजली की ‘म’चा ‘व’ व्हायला वेळ लागत नाही. कातळातला नैसर्गिक खळगा अनुस्वारासारखा दिसतो, तडा मात्रेसारखा. म्हणून एकच अक्षर डावीकडून प्रकाश टाकून, मग उजवीकडून, पुन्हा ठशावर असे पडताळावे लागते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला नसता तर हे सगळे निव्वळ नक्षी ठरले असते. पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये एकत्र छापले.

एका लेखाला दुसऱ्या लेखाची साक्ष मिळाली की गावाचा इतिहास उभा राहतो. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिल्याचे कोरले आहे. हजारेक किलोमीटरवरच्या मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या लेखांत करहकट गावच्या निगमाचे, म्हणजे व्यापारी वस्तीचे, दान नोंदले आहे. करहाकड, करहकट म्हणजे आजचे कऱ्हाड. दोन हजार वर्षांपूर्वीही हे गाव पैसा राखून होते आणि तो दूरच्या संघालाही देत होते.

आगाशिवावर जाणाऱ्यांनी एवढे करावे: अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरू नये, ऑइल पेंट तर मुळीच लावू नये. रंगाने बुजलेल्या खाचेचा ठसा पुन्हा नीट निघत नाही. बाजूने टॉर्च धरून फोटो घ्यावा. अक्षरे तेवढ्यानेही स्पष्ट होतात.