स्नॅपशॉटच्या यादीचा मागोवा

स्नॅपशॉट म्हणजे फाइल सिस्टीमचे एका क्षणाचे गोठवलेले रूप. तो घेताना बहुतेक ठिकाणी काहीच नक्कल होत नाही, म्हणून तो क्षणात होतो. पुढे एखादा ब्लॉक बदलायची वेळ आली की जुना मजकूर जपून ठेवायचा, एवढाच नियम. या करामतीचे कौतुक भरपूर झाले. पण गेल्या तीन दशकांकडे मागे वळून पाहताना मला मोठी प्रगती दिसते ती दुसरीकडे: घेतलेले स्नॅपशॉट ओळखायचे कसे, मोजायचे कसे आणि काढायचे कसे, या हिशेबात.

बेल लॅब्जच्या प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हा हिशेब सर्वांत सोपा होता. रोज पहाटे पाच वाजता फाइल सर्व्हर सगळ्या फायलींचा ‘डंप’ घेई आणि तो एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर जाई. डंप नावाच्या डिरेक्टरीत वर्ष, त्याखाली महिना आणि तारीख. गेल्या वर्षीची फाइल पाहायची तर त्या तारखेच्या डिरेक्टरीत जायचे. ‘यस्टरडे’ नावाची कमांड कालची प्रत काढून देई. काही पुसायचेच नसल्यामुळे जागेचा हिशेब नव्हता. तारीख हेच नाव, आणि नावांची डिरेक्टरी हीच यादी.

बाजारात विकल्या जाणाऱ्या साठवण यंत्रांना ही चैन परवडणारी नव्हती. 1994 च्या युजनिक्स परिषदेत नेटअ‍ॅपचे डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी ‘वॅफल’ फाइल सिस्टीमवर निबंध सादर केला. तिच्यात 4 किलोबाइटच्या प्रत्येक ब्लॉकसाठी 32 बिटांची नोंद असे. एक बिट चालू फाइल सिस्टीमचा, पुढचे एकेका स्नॅपशॉटचे. सगळे बिट शून्य झाले की ब्लॉक मोकळा. हिशेब चोख, पण बिटांची संख्या ठरलेली, म्हणून स्नॅपशॉटही 20 पर्यंतच. नावांची अडचण वेगळीच होती. ताजा स्नॅपशॉट नेहमी ‘अवरली.0’. पुढचा घेतला की त्याचेच नाव ‘अवरली.1’. नाव रांगेतली जागा सांगे, ओळख सांगत नसे. पुढे याच घराण्यात नावांमध्ये तारीख आणि वेळ आली, हे फार बरे झाले.

2003 च्या फ्रीबीएसडी 5.0 मध्ये मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी आणलेले स्नॅपशॉट त्याच फाइल सिस्टीममधल्या खास फायली होते. त्यांचे आयनोड क्रमांक सुपरब्लॉकमध्ये लिहिलेले, आणि तिथेही जागा 20 क्रमांकांचीच.

ही मर्यादा खऱ्या अर्थाने मोडली झेडएफएस या फाइल सिस्टीमने. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी 2001 मध्ये काम सुरू केले आणि 2005 मध्ये ते सोलारिसच्या मूळ कोडमध्ये दाखल झाले. स्नॅपशॉटमागे एक बिट ही पद्धत सोडून त्यांनी ब्लॉककडे नेणाऱ्या प्रत्येक पॉइंटरमध्ये त्या ब्लॉकचा जन्म कोणत्या व्यवहारात झाला ते लिहून ठेवले. ब्लॉक सोडताना एकच प्रश्न विचारायचा: याचा जन्म शेवटच्या स्नॅपशॉटनंतरचा आहे का? असेल तर लगेच मोकळा. नसेल तर तो ‘डेडलिस्ट’मध्ये जातो आणि त्याला धरून बसलेले स्नॅपशॉट काढले जाईपर्यंत तिथेच राहतो. स्नॅपशॉट किती आहेत याने हिशेब अडत नाही.

संख्या वाढली तसा यादीचाच भार झाला. सुरुवातीला साध्या ‘लिस्ट’ कमांडमध्ये स्नॅपशॉटही दिसत. हजारो ओळींत मूळ फाइल सिस्टीम शोधणे कठीण होऊ लागले, तेव्हा ते वगळले गेले. आता स्नॅपशॉट हवे असल्यास प्रकार सांगून मागावे लागतात.

मागितलेली यादीही नीट वाचावी लागते. ‘रेफर’ रकान्यात त्या स्नॅपशॉटमधून पोहोचता येणारा सगळा मजकूर मोजलेला असतो, तर ‘यूज्ड’मध्ये फक्त त्या एकट्याचा. समजा 50 जीबीची फाइल दोन स्नॅपशॉटमध्ये आहे आणि चालू प्रतीतून पुसली. दोघांच्या ‘यूज्ड’मध्ये तिचा पत्ताच नसतो, तरी डिस्क काही मोकळी होत नाही. सातबाऱ्यावरच्या सामायिक खात्यातून एका भावाचे नाव कमी झाले म्हणून जमीन मोकळी होत नाही, तसेच हे. एक स्नॅपशॉट काढला की मगच ते 50 जीबी उरलेल्याच्या नावावर चढतात. म्हणून पुसण्याची तालीम करून किती जागा सुटेल ते आधी सांगणारी सोय मला या साऱ्या वाटचालीतली सर्वांत उपयोगी वाटते. तिच्या जोडीला ‘होल्ड’ आहे: खूण लावलेला स्नॅपशॉट ती खूण काढेपर्यंत पुसला जात नाही.

लिनक्समध्ये बीटीआरएफएस 2009 मध्ये आली. तिथे स्नॅपशॉटला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि ज्यापासून तो घेतला त्याचाही क्रमांक त्याच्याजवळ असतो, म्हणजे वंशावळ यादीतच. 2011 मध्ये ओपनसुसेच्या ‘स्नॅपर’ने त्यापुढचे पाऊल टाकले. पॅकेज बसवण्याआधी एक आणि बसवल्यावर एक अशी जोडी, शेजारी वर्णन, आणि कोणता कधी काढायचा याचा नियम. स्नॅपशॉट कशासाठी घेतला, याला यादीत स्वतःचा रकाना मिळाला.

अ‍ॅपलने 2017 मध्ये मॅकवर एपीएफएस आणली. टाइम मशीनचे स्थानिक स्नॅपशॉट साधारण 24 तास राहतात आणि जागा लागली की आपोआप जातात. यादी पाहायची कमांड आहे, पण बहुतेकांना ती कधीच लागत नाही. सामान्य वापरासाठी हे योग्यच आहे. ज्याच्यावर दुसऱ्यांच्या फायलींची जबाबदारी आहे, त्याला मात्र ही मोकळीक नाही.

तेव्हा अशी जबाबदारी तुमच्याकडे असेल तर आजच यादी उघडा आणि सर्वांत जुनी ओळ वाचा. तो स्नॅपशॉट कोणी, कशासाठी घेतला आणि कधी काढायचा, हे नावावरून किंवा वर्णनावरून कळायला हवे. कळत नसेल तर आधी नावांचा नियम ठरवा, मग पुसण्याचा. आणि महत्त्वाच्या स्नॅपशॉटची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवा, कारण डिस्क गेली की तिच्यावरचे सगळे स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातात.