विलंबाचा ठावठिकाणा

“मामा, गोळी मी आधी झाडली होती, तरी मेलो मीच,” अशी तक्रार माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यातील एका रात्री केली, तेव्हा भाऊजींनी ती हरलेल्या मुलाची सबब म्हणून तिथल्या तिथे फेटाळली. परंतु त्या मुलाच्या स्वरात पराभवाच्या दुःखापेक्षा अन्याय झाल्याची भावना अधिक होती, आणि ज्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या समोरासमोर येतात व द्वंद्वाचा निकाल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लागतो, त्या खेळाची रचना ज्याला थोडीफार ठाऊक आहे त्याला ही साक्ष अक्षरशः खरी असू शकते हेही ठाऊक असते. पुण्यातील त्यांच्या घरी दररोज रात्री नऊच्या सुमारास हा उपद्रव सुरू होई. भाऊजींनी इंटरनेटचा वेग ५० एमबीपीएसवरून २०० वर नेला होता, महिन्याचे बिल वाढले होते, आणि लॅग होता तेथेच होता. त्या रात्री मी मुक्कामाला होतो. वही-पेन्सिल घेऊन भाच्याच्या शेजारी बसलो.

‘लॅग’ हा शब्द मुले फार सैलपणे वापरतात. चित्र अडखळले तरी लॅग, कळ दाबूनही बंदूक उशिरा भरली तरी लॅग, शत्रू एका खांबामागून दुसऱ्या खांबामागे अदृश्य उडी मारल्यासारखा गेला तरी लॅगच. परंतु या एका शब्दाखाली दोन सर्वस्वी स्वतंत्र खात्यांचा कारभार येतो: समोरचे चित्र क्षणोक्षणी नव्याने रंगवणारे घरातले यंत्र हे एक खाते, आणि शेकडो कोसांवरील सर्व्हरशी अखंड चाललेला पत्रव्यवहार हे दुसरे. दोष कोणत्या खात्यात आहे हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे, आणि ती मी प्रत्येकाला पहिल्यांदा करायला सांगतो. खेळात एका जागी उभे राहावे आणि माउस नुसता डावी-उजवीकडे फिरवावा. मान वळवण्यासाठी आपले यंत्र सर्व्हरची परवानगी मागत नाही. म्हणून वळतानाच चित्र धक्के खात असेल तर दोष आपल्या टेबलावर आहे, आणि चित्र तेलासारखे वळत असूनही इतर खेळाडू उड्या मारत असतील, दार उघडायला वेळ लागत असेल, चार पावले पुढे गेल्यावर कोणीतरी मागे खेचल्याचा भास होत असेल, तर दोष वाटेवर आहे. भाच्याचे चित्र सुरळीत वळत होते.

ज्यांचे वळत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राला सुमारे १७ मिलिसेकंदांची मुदत मिळते, आणि एखादे चित्र दीडशे मिलिसेकंद रेंगाळले तर कोपऱ्यात दिसणारी सरासरी उत्तम असूनही डोळ्याला तो झटका लागतोच. तेव्हा सरासरीच्या आकड्यावर विसंबू नये. चित्राचे रेझोल्यूशन कमी करून पाहावे: त्याने गती वाढली तर ओझे ग्राफिक्स कार्डावर होते, मुळीच वाढली नाही तर ते प्रोसेसरवर आहे, आणि मग छायांची प्रत घटवण्यापेक्षा मागे उघडी राहिलेली ब्राउझरची वीस पाने मिटणे अधिक गुणकारी ठरते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात न लावता मदरबोर्डाच्या छिद्रात लावलेली, १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकत घेऊन सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला, लॅपटॉप चार्जरविना चाललेला, हे दोष मी डोळ्यांनी पाहिले आहेत आणि ते दूर करायला दमडीही लागत नाही. सर्वांत सार्वत्रिक म्हणजे उष्णता. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालचे वायुमार्ग बंद होतात, प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच खाली आणतो. खेळ पहिली दहा-पंधरा मिनिटे झकास चालतो, नंतर पंख्याचा आवाज चढतो आणि चित्र लंगडू लागते, हे त्याचे ठळक लक्षण होय. मात्र खेळाच्या नव्या अपडेटनंतर पहिल्या काही मिनिटांत येणारे झटके हे बहुधा शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, नव्याने बांधले जात असल्याचे असतात. ते आपोआप शमतात, त्यांच्यासाठी यंत्र उघडू नये.

आता वाटेकडे वळू. अशा खेळात अंतिम सत्य सर्व्हरपाशी असते. कोण कोठे उभा आहे, कोणाची गोळी कोणाला लागली, याचा निवाडा तोच देतो आणि सेकंदाला ६४ वेळा, काही खेळांत १२८ वेळा, जगाची ताजी स्थिती ठरवतो. १९९६ सालच्या जूनमध्ये टेक्सासमधील आयडी सॉफ्टवेअरने ‘क्वेक’ प्रसिद्ध केला तेव्हा खेळाडूचे पाऊलदेखील सर्व्हरचे उत्तर आल्याशिवाय पडद्यावर पडत नसे. कचेरीच्या जलद जोडणीवर हे खपून गेले, परंतु घरोघरी मोडेम लावून बसलेल्या लोकांना कळ दाबल्यावर पाव सेकंदाहून अधिक काळ थांबावे लागे. त्या कंपनीच्या जॉन कारमॅक यांनी ही चूक मान्य करून त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’ काढला, आणि त्यात आपले यंत्र आपल्या हालचालीचा अंदाज बांधून ती ताबडतोब दाखवते व मागाहून सर्व्हरच्या निकालाशी ताळा घालते अशी तजवीज केली. ताळा जमला नाही की आपण मागे ओढले जातो. मुले त्याला ‘रबरबँडिंग’ म्हणतात. पुढे २००१ साली व्हॉल्व कंपनीच्या यान बर्नियर यांनी याची दुसरी बाजू मांडली: गोळीचा हुकूम सर्व्हरपाशी पोहोचला की सर्व्हरने काळ किंचित मागे फिरवावा, गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते ते पाहावे, आणि मग निकाल द्यावा. ही उदार पद्धत आहे. परंतु तिची किंमत अशी की भिंतीआड सुखरूप पोहोचल्याचे समाधान मानणारा खेळाडू भिंतीआडच मरतो; आणि ज्याचा हुकूम वाटेत फारच रेंगाळला, त्याला सर्व्हर तोवर मृत ठरवून मोकळा झालेला असतो, मग त्याची गोळी त्याच्या पडद्यावर कितीही आधी सुटलेली असो. माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच घडत होते.

विलंबाहूनही वाईट असतो तो विलंबाचा लहरीपणा. १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळात सर्व यंत्रे तेच युद्ध स्वतंत्रपणे चालवीत आणि एकमेकांना केवळ हुकूम कळवीत, म्हणून २८.८ च्या मोडेमवरही शेकडो धनुर्धर लढवता येत. त्या खेळाच्या रचनाकारांनी नंतर लिहून ठेवले आहे की हुकूम सारख्याच उशिराने अमलात येत असेल तर खेळाडू त्या चालीशी नकळत जुळवून घेतो, परंतु कधी तत्काळ आणि कधी अर्ध्या सेकंदाने अशी चढउतार त्याला असह्य होते. हे मला मानवी स्वभावाविषयीचे मोठे मार्मिक निरीक्षण वाटते.

मोजमापासाठी ‘पिंग’ हे साधन आहे. अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले आणि पाणबुडीच्या सोनारयंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती मिलिसेकंदांनी येतो ते मोजायचे, इतकेच त्याचे काम. मी दोन खिडक्या उघडल्या, एकीतून घरातल्याच राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ या पत्त्याला, आणि दुसरीतून बाहेरच्या एका सर्व्हरला सतत हाका चालू ठेवल्या. राउटर पलीकडच्या खोलीत, दोन भिंतींआड. त्याचे उत्तर कधी २ मिलिसेकंदांत येई, कधी ९० मध्ये. वाय-फायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचे असते, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर शेजारच्या आठ बिऱ्हाडांचे राउटर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सारेच बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो पण भिंतीपुढे नमतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पंधरा मीटर लॅन केबल आणून चौकटीच्या कडेकडेने ओढली. राउटरचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत स्थिरावले, बाहेरचे १४ वर, आणि संध्याकाळभर खेळ इतका सुंदर चालला की आम्ही प्रकरण मिटले असे समजलो. नऊ वाजून पाच मिनिटांनी बाहेरचा आकडा ३८० झाला.

राउटरचा आकडा मात्र हलला नव्हता. म्हणजे गाठ राउटरच्या पलीकडच्या टोकाला, घरातून बाहेर पडणाऱ्या दारापाशी पडत होती. त्याच वेळी ताई कामावरून येऊन फोन चार्जिंगला लावून जेवायला बसली होती, आणि वाय-फाय व चार्जर दोन्ही मिळताच तिचा फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागला होता. नव्या योजनेत उतरण्याचा वेग चौपट झाला होता. चढण्याचा पूर्वीइतकाच, २० एमबीपीएस, राहिला होता. फोन विमानमोडवर टाकला, आकडा १४. पुन्हा चालू केला, ३८०. भाऊजी ताटावरून उठून पाहायला आले.

तहसील कचेरीत शिक्का मारणारा कारकून एकच असावा, आणि एखाद्याने दोनशे अर्जांचा गठ्ठा आणून खिडकीत ठेवावा. त्याच्या मागे एका ओळीचा अर्ज घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दोनशे शिक्के पडेपर्यंत तिष्ठावे लागते. राउटरच्या पोटात असाच प्रकार होतो. स्मृतिचिप स्वस्त झाल्या तशा उत्पादकांनी प्रतीक्षेच्या रांगा लांबच लांब केल्या, एकही पत्र गहाळ होऊ नये या सद्हेतूने, आणि परिणामी प्रत्येक पत्र उशिरा पोहोचू लागले. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना स्वतःच्या घरच्या जोडणीवर हा रोग आढळला आणि त्याला त्यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ केले. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांगेत फार काळ खोळंबलेली पत्रे वेळीच टाकून देऊन पाठवणाऱ्याला दम धरायला लावणारी ‘कोडेल’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारलेल्या ‘एफक्यू-कोडेल’मध्ये प्रत्येक अर्जदाराची रांग वेगळी असते आणि कारकून प्रत्येकाचा एकेक अर्ज घेतो, त्यामुळे शेतकऱ्याचे काम गठ्ठेवाल्याआधी उरकते. बऱ्याच राउटरांत ही सोय ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ या नावाखाली असते. ती चालू करून मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली, २० ऐवजी १८ एमबीपीएस, ठेवावी लागते, कारण रांग कंपनीच्या यंत्रात न साचता आपल्या ताब्यात राहिली तरच तिचा बंदोबस्त होतो. अशा खेळाला एक-दोन एमबीपीएसची वाट पुरेशी होते. दोनशेसाठी भरलेले जादा पैसे व्यर्थ गेले होते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण असंख्य घरांत आजही हेच होत असणार.

घराबाहेरचा दोष असेल तर ‘ट्रेसरूट’ हे साधन वाटेवरचा एकेक नाका दाखवते. तेही जेकबसन यांचेच, १९८७ सालचे. ते वाचताना एक पथ्य पाळावे: मधल्या एखाद्या नाक्याने उत्तर दिले नाही किंवा उशिरा दिले म्हणून तो दोषी ठरत नाही, पुष्कळ नाके अशा हाकांना दुय्यम मानतात, विलंब त्या नाक्यापासून शेवटपर्यंत टिकला तरच तो खरा. असा पुरावा, तारीख आणि वेळ घालून, जोडणी देणाऱ्या कंपनीकडे पाठवला तर तक्रारीची दखल घेतली जाण्याचा संभव वाढतो.

आणि मग उरते अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागतात. मुंबईचा सर्व्हर सोडून सिंगापूरचा निवडला तर ३,९०० किलोमीटरांचे किमान ३९ मिलिसेकंद द्यावेच लागतात, केबलची वळणे वेगळी. यासाठी खेळाच्या सेटिंगमध्ये प्रदेश कोणता आहे ते आधी पाहावे.

ताईच्या दिराचा मुलगा न्यू जर्सीत आहे, माझ्या भाच्याच्याच वयाचा. दोघांना एकत्र खेळायचे असते, परंतु साडेबारा हजार किलोमीटरांची सरळ रेषा धरली तरी सव्वाशे मिलिसेकंद होतात, आणि प्रत्यक्षात आकडा दोनशेच्या पुढे जातो. तेथे ना केबल कामी येते ना राउटर. फोटो आता मध्यरात्रीनंतर चढतात, राउटरमध्ये १८ ची मर्यादा आहे, आणि रात्री नऊला भाचा मुंबईच्या सर्व्हरवर पुण्यातल्याच चार मित्रांबरोबर खेळतो. रविवारी सकाळी आठ वाजता, न्यू जर्सीत शनिवारची रात्र असताना, दोघे चुलतभाऊ संगणकावर बुद्धिबळाचा डाव मांडतात.