खाऱ्या वाऱ्याच्या गांवीं शेवंती: कुंडी केव्हां व कशी बदलावी

शेवंती हें थंडीचें फूल आहे. मार्गशीर्षांतले गुरुवार आले कीं दादरच्या फुलबाजारांत तिचे ढीग पडतात, आणि त्याच सुमारास कोंकणपट्टींतील अंगणांतल्या कुंड्याही पिवळ्या-पांढऱ्या फुलांनीं भरून जातात. परंतु पुष्कळांच्या घरीं असें घडतें कीं, विकत आणलेली शेवंती पहिल्या वर्षीं भरभरून फुलते, दुसऱ्या वर्षीं चारदोन फुलें देते, आणि तिसऱ्या वर्षीं कुंडींत नुसत्या वाळक्या काड्या उरतात. मग रोपवाल्यास बोल लावला जातो किंवा आणखी खत घातलें जातें. आमच्या मतें दोष बहुधा कुंडींतील मातीचा व ती बदलण्याच्या वेळेचा असतो. न्हावा, शेवा ह्यांसारख्या खाडीकांठच्या गांवीं तर प्रथम तेथेंच शोध घ्यावा. म्हणून ह्या लेखांत कुंडी केव्हां व कशी बदलावी, आणि मुळांत ती कां बदलावी, ह्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

शेतकऱ्यांच्या मासिकांत कुंडीचा विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. न्हावा हें पनवेल तालुक्यांतील व शेवा हें उरण तालुक्यांतील गांव. ह्या भागांत भातखाचरें, मिठागरें व मासेमारी ह्यांवर संसार चालत. १९७० पासून नवी मुंबईच्या उभारणीसाठीं ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादण्याचें काम सुरू झालें. १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखांस झालेल्या आंदोलनांत पांच जणांनीं प्राण गमावले, आणि त्या लढ्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. २६ मे १९८९ रोजीं येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. ज्यांचीं खाचरें गेलीं त्यांतील पुष्कळांच्या हातीं आज अंगण, गच्ची व कांहीं कुंड्या एवढीच काय ती शेती उरली आहे. ज्यांची जमीन शाबूत आहे त्यांच्याही घरापुढें कुंड्या आहेतच. कुंडी ही शेतीच होय. तिचें क्षेत्र हातभर, एवढाच फरक. आणि खारजमीन कसलेल्या शेतकऱ्यास कुंडीचें शास्त्र शिकविण्याची गरज नाहीं. तें त्यास ठाऊक असलेलेंच आहे, फक्त त्याची आठवण करून द्यावयाची आहे.

खारजमीन पिकाखालीं कशी येते तें पहा. समुद्राचें पाणी अडविण्यास बांध घालावयाचा, बांधास उघाडी ठेवावयाची, भरतीचें पाणी आंत येऊं द्यावयाचें नाहीं, आणि पावसाचें गोडें पाणी खाचरांत सांठवून, क्षार विरघळले कीं ओहोटीच्या वेळीं तें उघाडीवाटे बाहेर सोडावयाचें. असें वारंवार केलें म्हणजे जमीन गोडी होऊन भात येऊं लागतें. बांध फुटून उधाणाचें पाणी एकदां आंत आलें तर मागची सारी मेहनत फुकट जाते. कुंडीचें अगदीं असेंच आहे. कुंडीच्या भिंती हा तिचा बांध आणि तळाचें भोंक ही तिची उघाडी. भोंक बुजलें कीं क्षार आंत कोंडतात, आणि मग वरून कितीही पाणी घाला, झाड तहानलेलेंच राहतें.

हें तहानलेलें राहणें म्हणजे काय, तें नीट समजून घ्यावें. मुळें पाणी शोषतात तीं मातींतील पाण्यापेक्षां मुळांतील रस अधिक दाट असतो म्हणून. मातींत क्षार वाढले कीं हा फरक कमी होतो, व ओल असूनही मुळांस पाणी ओढतां येत नाहीं. दुसरें असें कीं, खाऱ्या चिकण मातींतील सोडियममुळें मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, ती माती पाणी पडतांच लोण्यासारखी होते व वाळतांच दगडासारखी घट्ट बनते. तींत हवा राहत नाहीं. शेवंतीचीं मुळें बारीक व उथळ असल्यामुळें तीं प्रथम गुदमरतात व मग कुजतात.

हे क्षार कुंडींत चार वाटांनीं येतात. पहिली वाट मातीची. खाडींतील गाळ किंवा भरावाची माती कुंडींत भरली तर क्षार पहिल्या दिवसापासून आंत असतात. समुद्रकांठची वाळू मिसळली तरी तेंच. दुसरी वाट पाण्याची. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीजवळच्या विहिरीच्या अथवा कूपनलिकेच्या पाण्यांत ते त्याहून पुष्कळ कमी असले, तरी उन्हाळ्यांत पाणी खालावलें कीं त्यांचें प्रमाण वाढतें. लिटरास एक ग्रॅम क्षार असलेलें पाणी रोज अर्धा लिटर घातलें आणि तळांतून कांहींच बाहेर गेलें नाहीं, तर शंभर दिवसांत कुंडींत ५० ग्रॅम क्षार सांठतात. कारण पाणी उडून जातें, क्षार उडत नाहींत. तिसरी वाट खाऱ्या वाऱ्याची, जो पानांवर क्षारांचे सूक्ष्म कण आणून टाकतो. चौथी वाट आपणच घातलेल्या रासायनिक खताची. कुंडीच्या कांठावर व बाहेरच्या अंगास पांढरा थर, पानांच्या कडा व टोकें करपणें, आणि ओल्या मातींतही दुपारीं झाड मान टाकणें, हीं क्षार वाढल्याचीं लक्षणें होत. हीं दिसतांच खत घालणें म्हणजे तहानलेल्यास मीठ चारणें होय.

ह्यावर उपाय म्हणजे दरवर्षीं कुंडी रिकामी करून ताजी माती भरणें. आतां वेळेचा विचार करूं. नियम एकच आहे: हिवाळ्यांत फुलणाऱ्या झाडास फुलोऱ्यांत हलवूं नये, फुलोरा ओसरतांच हलवावें. युरोपांतील थंड प्रदेशांत हेदर नांवाचें एक झुडूप भर हिवाळ्यांत फुलतें; तेथील माळीही त्याची कुंडी फुलें सुकल्यावर, वसंताच्या आरंभीं बदलतात. कारण उघड आहे. फुलोऱ्याच्या काळांत झाडाची सारी शक्ति फुलांकडे गेलेली असते. त्या वेळीं मुळें तुटलीं तर त्यांची भरपाई होत नाहीं व कळ्या गळतात. फुलें गेल्यावर मात्र शेवंतीच्या बुंध्याशीं जमिनींतून नव्या काश्या फुटूं लागतात, व नवीं मुळें धरण्याचा जोर झाडांत असतो. आपल्याकडे ही वेळ जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत येते. ती दवडून एप्रिल-मेच्या उन्हांत मुळें उघडीं करूं नयेत.

फुलें सुकूं लागलीं कीं दांडे जमिनीपासून चार ते सहा इंच ठेवून छाटावे, व काश्या तीनचार इंच वाढूं द्याव्या. कुंडी बदलण्याच्या आदल्या सायंकाळीं पाणी घालावें, म्हणजे मातीचा गड्डा अखंड सुटतो. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं कुंडी उलटी धरून, बुंधा बोटांच्या बेचक्यांत घेऊन, कुंडीचा कांठ हलकेच आपटावा. झाड धरून ओढूं नये. गड्डा बाहेर आला कीं त्याचा वास घ्यावा: आंबट घाण येत असेल तर भोंक बुजलेलें होतें असें समजावें. पांढरीं, टणक मुळें निरोगी. तपकिरी, बोटांनीं दाबतां सालपट सुटणारीं मुळें कुजकीं. कुजकीं मुळें व कुंडीच्या आकाराप्रमाणें गोल गुंडाळलेलीं मुळें धारदार चाकूनें कापावीं. नंतर बाहेरच्या अंगाच्या जोमदार काश्या मुळांसह अलग कराव्या. मधला जुना खुंट टाकून द्यावा. पुढील वर्षाचें फूल काश्यांवर येतें, खुंटावर नाहीं.

कुंडी एकदम मोठी घेऊं नये. काशीस चार इंचांची कुंडी पुरे. मोठ्या कुंडींतील माती लहान मुळांकडून शोषली जात नाहीं, ती ओली राहते व मुळें कुजतात. जुनी कुंडी घासून धुवावी, पांढरा थर खरवडावा, व दोन दिवस कडक उन्हांत ठेवावी. मातीची नवी कुंडी रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवावी. नाहींतर ती मिश्रणांतील ओल पिऊन टाकते. भोंकावर एक खापरी पालथी ठेवून तीवर विटांचे बारीक तुकडे अर्धा इंच पसरावे.

मिश्रणासाठीं दोन भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत, एक भाग पालापाचोळ्याचें खत व एक भाग नदीची जाड वाळू किंवा विटांचा चुरा घ्यावा. दहा इंची कुंडीस मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. माती आपल्या वरकस जमिनीची, डोंगरउताराची असावी. खाचरांतील किंवा रस्त्याकडच्या भरावाची नको. काशी पूर्वी जेवढी मातींत होती तेवढीच पुरावी, कांठ इंचभर मोकळा ठेवावा, माती बोटांनीं बेताची दाबावी, आणि तळांतून वाहीपर्यंत झारीनें पाणी घालावें. आठ दिवस सांवलींत ठेवून मग सकाळच्या उन्हांत आणावी. तीन आठवडे खताचें नांव काढूं नये.

ही पहिली बदल झाली. मुळें कुंडीच्या कडेस पोंचलीं कीं, साधारण एप्रिलांत, गड्डा न फोडतां काशी सहा इंची कुंडींत सरकवावी. पावसाळ्यांत खरी परीक्षा असते, कारण शेवंतीस ओल लागते पण पाय पाण्यांत चालत नाहींत. कुंड्या दोन विटांवर उचलून, पागोळ्या अंगावर पडणार नाहींत अशा उजेडाच्या पडवींत ठेवाव्या. मात्र रिकाम्या केलेल्या कुंड्यांची जुनी माती उघड्यावर, उताराच्या जागीं पसरून ठेवावी. आपल्याकडचा पाऊस तींतील क्षार फुकट धुवून देतो व ती पुढें वाफ्यांस उपयोगी पडते. छपराचें पाणीही पिंपांत धरून ठेवावें. पाऊस संपल्यावर कुंड्यांस त्यासारखें पाणी नाहीं. शेवटची बदल ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभीं, दहा इंची कुंडींत करावी. त्यापूर्वी दोनदां शेंडे खुडावे, म्हणजे फांद्या वाढतात. ऑगस्ट संपल्यावर खुडूं नये. कळी दिसल्यावर कुंडी बदलूं नये.

बंदराजवळ राहणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. १९२० सालीं अमेरिकेंतील गार्नर व अलार्ड ह्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कित्येक वनस्पतींचें फुलणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें. शेवंती ही लहान दिवसाची, म्हणजे लांब रात्रीची वनस्पति आहे. आपल्याकडे जूनमध्यें दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो व डिसेंबरांत अकरा तासांचा. रात्र लांबूं लागली कीं कळी धरते. मध्यरात्रीं कांहीं वेळ दिवे लावून फूल लांबविण्याची युक्ति व्यापारी बागाईतदार मुद्दाम वापरतात. तेव्हां सप्टेंबरपासून कुंडी रस्त्याच्या अथवा आवाराच्या प्रखर दिव्याखालीं ठेवली, तर झाड हिरवेंगार राहूनही कळी धरणार नाहीं. अशा वेळीं माती किंवा खत ह्यांस दोष न देतां कुंडी अंधाऱ्या बाजूस हलवावी.

पाणी खारट असल्याचा संशय असेल त्यांनीं महिन्यांतून एकदां कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट गोडें पाणी हळूहळू ओतून तें तळांतून वाहूं द्यावें, आणि कुंडीखालच्या बशींत सांचलेलें पाणी लागलीच फेकून द्यावें. बशींत पाणी ठेवणें म्हणजे उघाडी बंद करून खाचर भरणें होय.

सारांश, फेब्रुवारींत काश्या अलग करणें, एप्रिलांत व सप्टेंबरच्या सुमारास कुंडी वाढविणें, माती वरकसची घेणें, भोंक मोकळें ठेवणें व रात्रीं अंधार राखणें, एवढीं पांच कामें वेळच्या वेळीं झालीं तर विकत आणलेलें एक रोप वर्षानुवर्षें चालतें, व एका कुंडीच्या पांचसहा कुंड्या होऊन शेजाऱ्यांसही काश्या देतां येतात. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या समुद्र अडवून भात पिकविलें, त्यांच्या अंगणांत शेवंती खारानें मरावी असें कांहीं कारण नाहीं.