उन्हाचा अंदाज सावलीवरून

वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीत पारा 46-47 अंशांवर गेला की वडसा-देसाईगंजमध्येही दुपारचे व्यवहार थंडावतात, आणि ते योग्यच आहे. तो काळ उष्माघाताचा असतो. मात्र याच सावधपणातून एक गैरसमज घट्ट झाला आहे: गरमी जितकी जास्त तितकं कातडीचं नुकसान जास्त, आणि पारा उतरला की धोका संपला. उष्णता आणि त्वचेला इजा करणारे अतिनील किरण दोन्ही सूर्याचेच, पण दोन्हींचा जोर एकाच वेळी नसतो. जमीन आणि हवा तापायला वेळ लागतो, म्हणून पारा तीन-चारच्या सुमारास सर्वांत वर चढतो. अतिनील किरण मात्र सूर्य सर्वांत उंच असताना सर्वांत तीव्र असतात, कारण तेव्हा त्यांना ओझोनसह वातावरणाचा सर्वांत कमी थर ओलांडावा लागतो. वडशात मे महिन्यात ही वेळ बारा वाजून गेल्यावर लगेचच येते. म्हणजे सकाळी दहाला ‘अजून ऊन तापलं नाही’ म्हणून उघड्या डोक्याने निघालेला माणूस चार वाजता बाहेर पडणाऱ्यापेक्षा जास्त अतिनील किरण अंगावर घेतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की किरण तीव्र आहेत असं समजावं. वडशाच्या अक्षांशावर मे महिन्यात सावली सकाळी नऊच्या सुमारास आपल्याहून आखूड होते आणि दुपारी सव्वातीनपर्यंत तशीच राहते. तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच जंगलात शिरतात, त्यामुळे तोडणीचा बराचसा वेळ या पट्ट्याबाहेर जातो. पण पानांचं ओझं घेऊन परतणं, पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर नेणं, ते उन्हात मांडणं आणि उलटवणं ही कामं नेमकी त्या पट्ट्यात येऊ शकतात. काळजी घ्यायची ती तिथे.

पाऱ्यावर विसंबणं किती फसवं आहे, ते जुलैत कळतं. वडशात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे, म्हणजे ऐन भाताच्या रोवणीत. तेव्हा हवा मेपेक्षा कितीतरी थंड असते, पण ढग फाकले की अतिनील किरण जवळपास मेइतकेच तीव्र असतात. दाट काळे ढग ते बरेच अडवतात, पांढरे विरळ ढग फारसे नाहीत. चिखलात तासन्‌तास वाकून रोवणी करणाऱ्या बाईची मान आणि हात तेव्हा उघडेच असतात. पावसाळ्यात उन्हाचं काय, असं कुणी म्हणत असेल तर त्याने ही गोष्ट लक्षात घ्यावी.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आपली कातडी सावळी, तिला ऊन सोसतं. यात बरंच तथ्य आहे आणि ते नाकारू नये. 1979 साली अमेरिकेत झालेल्या एका मोजमापात काळ्या त्वचेच्या बाह्य थराचं नैसर्गिक रक्षण साधारण 13 पट भरलं, गोऱ्या त्वचेचं 3 पटींच्या आसपास. आपण या दोहोंच्या मधे आहोत, आणि भारतात त्वचेचा कर्करोग युरोप-ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत खूपच कमी आढळतो. त्यामुळे तिकडची भीती जशीच्या तशी इकडे आणण्यात अर्थ नाही. पण कर्करोग कमी म्हणजे नुकसान नाही, असं होत नाही. सावळ्या त्वचेत ते रंगातून दिसतं: गालांवर वांग येतात, पुरळ बरं झाल्यावर मागे राहिलेले डाग अधिक काळवंडतात. ज्यांच्या अंगावर कोड आहे, त्यांच्या पांढऱ्या चट्ट्यांना तर मेलॅनिन या रंगद्रव्याचं संरक्षणच नसतं. ती जागा काही मिनिटांत भाजू शकते.

मग झाकायचं कशाने? साडीवर घातलेला नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट हे माझ्या मते या भागातलं उत्तम संरक्षण आहे. पातळ पांढरं सुती कापड त्यामानाने कमकुवत ठरतं. त्याचं रक्षण कोरडं असताना 5 ते 7 पटींच्या आसपास असतं आणि भिजलं की बरंच घटतं. इथे एक खरी अडचण आहे. ओला दुपट्टा डोक्याला गारवा देतो आणि उष्माघात टाळायला तो हवाच, पण किरण तो जास्त आत सोडतो. शिवाय गडद रंग किरण चांगले अडवतो आणि तापतोही. उपाय असा की डोक्याला ओला दुपट्टा दुहेरी घडीचा बांधावा आणि अंगात सैल, दाट विणीचा, मध्यम रंगाचा कपडा असावा. कापड उजेडासमोर धरून पाहावं. विणीतून उजेड झिरपत असेल तर किरणही झिरपतील.

सनस्क्रीन उपयोगी आहे, पण त्याबद्दलच्या अपेक्षा वाढवून ठेवल्या आहेत. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के आणि 50 साधारण 98 टक्के किरण अडवतं. 50 म्हणजे जवळपास दुप्पट, हा भ्रम आहे. हे आकडेही जाड थर लावला तरच खरे, आणि बहुतेक लोक त्याच्या निम्म्याहून कमी लावतात. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, म्हणजे सुमारे एक ग्रॅम घेतलं आणि दर दोन-तीन तासांनी असं दिवसातून तीनदा लावलं, तर 50 ग्रॅमची ट्यूब सतराव्या दिवशी संपते. रोजमजुरीच्या घराला हे परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून त्यांनी स्वतःला असुरक्षितही समजू नये. घामाने वाहून न जाणारं कापड शेतात सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं आहे. वांग असलेल्यांनी मात्र त्यावर खर्च करावा, तोही आयर्न ऑक्साइड असलेल्या रंगीत सनस्क्रीनवर, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतात आणि बिनरंगी सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. ड जीवनसत्त्वाची काळजी उन्हात राबणाऱ्याला सहसा नसावी. दिवसभर दुकानात किंवा कार्यालयात बसणाऱ्यांचा तो प्रश्न आहे.

घरगुती उपायांपैकी लिंबू सर्वांत घातक. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन पडलं की फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग राहतात. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवतं, उन्हापासून संरक्षण मात्र नगण्य देतं.

याहून गंभीर प्रकार आहे तो ‘उन्हाने काळवंडलेला चेहरा उजळ’ करायला ओळखीच्याने सुचवलेल्या ट्यूबचा. अशा अनेक ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइड असतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री रोखली, तरी अशा ट्यूब सहज मिळतात. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल रेषा उमटतात, पुरळ येतं, आणि पूर्वी जे ऊन सहज सोसत होतं त्याच उन्हात चेहरा जळजळू लागतो. तेव्हा ट्यूब एकदम बंद केली की चेहरा आणखी भडकतो, आणि घाबरून माणूस ती पुन्हा लावतो. ट्यूबच्या पाठीवर या तीन स्टेरॉइडपैकी एकाचं नाव दिसलं तर ती तशीच घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. ती कशी सोडवायची हे ते ठरवतील.