मोटारीची झिलई आणि पॅडाची सफाई

जात्याला टाकी लावल्यावांचून पीठ बारीक पडत नाहीं, ही गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस कोणी शिकवावी लागत नसे. दगड तोच, हात तोच, धान्यहि तेंच. पण दगडाच्या खांचा बुजल्या कीं जातें नुसतें फिरतें, दळीत नाहीं. लोहाराच्या कानशीचीहि तीच गत आहे. तिच्या दांतांत धातूचा कीस भरला म्हणजे ती कापण्याऐवजीं ओरबाडूं लागते, आणि म्हणून जाणता कारागीर थोड्या थोड्या वेळानें तारेच्या ब्रशानें ती झाडून घेतो. हत्यार स्वच्छ राखणें हें काम संपल्यानंतरचें आवरणें नसून तो कामाचाच एक भाग आहे, हा जुना नियम होय. हा नियम एका अगदीं आधुनिक कामास, म्हणजे यंत्रानें मोटारीस पॉलिश करण्याच्या कामास, किती तंतोतंत लागू पडतो तें या लेखांत सांगावयाचें आहे.

सोलापूरच्या नव्या पेठेंत सायंकाळीं उभें राहून पाहिलें तर मोटारीच्या रंगाचें नशीब किती खडतर असतें तें सहज ध्यानांत येतें. बाजारपेठ दुकानांनीं दाटलेली; त्यांत रिक्षा, दुचाकी, हातगाड्या आणि पायीं चालणारे यांची गर्दी. उभ्या केलेल्या गाडीला घासून कोणाची पिशवी जाते, तर कोणाच्या दुचाकीचा दांडा जातो. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या पलीकडे चढतो, आणि आसपासच्या काळ्या मातीच्या मुलखांतील बारीक धूळ सर्व वस्तूंवर बसते. परंतु गाडीचें अधिक नुकसान बाजारांत न होतां आपल्याच दारांत होत असतें. सकाळीं कोरड्या फडक्यानें गाडी खसाखसा पुसावयाची, ही चाल कितीतरी घरांतून आहे. धुळींत वाळूचे जे कण असतात ते रंगाच्या वरच्या थरापेक्षां कठीण असतात. फडकें त्यांना दाबून फिरवितें, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर रंगावर केसाहून बारीक रेषा उमटतात. वर्षा दोन वर्षांनीं तीच काळी किंवा गर्द निळी गाडी उन्हांत उभी केली असतां सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्यानें जाळें विणल्यासारखें दिसूं लागतें. मग गाडी ‘रबिंग-पॉलिश’साठीं गॅरेजांत जाते.

मोटारीशीं सोलापूरचें नातें तसें जुनें आहे. हिंदुस्थानांत मोटारी तयार व्हाव्यात म्हणून १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढणारे शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांतच झाला. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्या काळच्या गाड्यांवर रंगाच्या वर निराळा पारदर्शक लेप नसे. गाडी घासली कीं फडक्याला गाडीचाच रंग लागे, आणि आपण किती काढलें तें कारागिराला डोळ्यांनीं दिसे. आजच्या गाडीची रचना वेगळी आहे. पत्र्यावर प्रथम गंजरोधक अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ म्हणून ओळखला जाणारा बिनरंगाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणें ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरील केसाच्या जाडीहूनहि कमी असते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें याच थरांत मिसळलेलीं असतात.

पॉलिश केल्यानें ओरखडा भरून निघतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति उलट आहे. ओरखड्याच्या दोहों बाजूंची भूमि त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत खालीं आणावयाची, याचेंच नांव पॉलिश. म्हणजे प्रत्येक वेळीं त्या पातळ थरांतून कांहीं मायक्रॉन कायमचे जातात. हें घरांतील मुदलासारखें भांडवल आहे. तें खर्च करतां येतें, पण पुन्हां भरतां येत नाहीं. तें संपलें म्हणजे टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे पडतात, पापुद्रे सुटूं लागतात, आणि मग नव्यानें रंग देण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. आणि हा थर बिनरंगाचा असल्यामुळें तो जात असतांना फडक्यावर कसलीहि खूण उमटत नाहीं. याच कारणास्तव त्याच्यावर फिरणाऱ्या पॅडाचा विचार अधिक काळजीनें केला पाहिजे.

पॅड कशानें भरतें?

पूर्वीं या कामास मेंढीच्या लोंकरीची टोपी वापरीत, व जाड कामास ती आजहि वापरतात. नाजूक कामास मात्र आतां फोमचें पॅड असतें. हा फोम पॉलियुरेथेन नांवाच्या द्रव्याचा. जर्मनींत ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनीं १९३७ सालीं या द्रव्याचा शोध लावला, आणि पुढें त्यापासूनच गाद्या, आसनें व स्पंज तयार होऊं लागले. फोमांत असंख्य सूक्ष्म घरें असतात, आणि तीं मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें बंद नसून एकमेकांत उघडलेलीं असतात. पॉलिशमधील घासणारे बारीक कण याच घरांच्या भिंतींवर बसून रंगावरून फिरतात. पॅड यंत्राला वेलक्रोनें चिकटविलेलें असतें. एका जातीचें यंत्र पॅड जागच्या जागीं भोंवऱ्यासारखें फिरवितें. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत पॅड लहान वर्तुळांत हेलकावत हेलकावत स्वतःभोंवतीं फिरतें. पहिलें जलद कापतें, परंतु अनभ्यस्त हातांत रंग भाजतें. दुसरें सावकाश चालतें व अधिक क्षमाशील असतें. घरीं काम करूं इच्छिणारांनीं तेंच घ्यावें.

काम सुरू झालें कीं दोन पदार्थ पॅडांत सांठूं लागतात. एक वापरून झिजलेलें पॉलिश, आणि दुसरा गाडीवरून निघालेला क्लिअर कोटचा चुरा. या दोहोंचा लगदा फोमच्या उघड्या घरांत जाऊन बसतो. मग एकामागून एक दोष उत्पन्न होतात. ताज्या पॉलिशच्या कणांना रंगापर्यंत पोंचतां येत नाहीं, म्हणून कापण्याची शक्ति घटते. कारागिराला वाटतें कीं पॉलिश कमी पडलें. तो आणखी ओततो, आणि लगदा दाट होतो. फोम ओला व जड झाला म्हणजे त्याचा लवचिकपणा जातो. हेलकावणारें यंत्र त्याला नुसतें थरथरवितें. तें फिरत नाहीं, आणि फिरत नाहीं तें कापीत नाहीं. जी शक्ति कामांत जावयाची ती उष्णतेंत जाते, पॅडाचा मध्यभाग भाजतो, वेलक्रोचा डिंक सुटतो. शेवटीं लगद्याचे वाळलेले खडे रंगावरून ओढले जातात आणि ज्या रेषा घालविण्यासाठीं एवढा खटाटोप मांडला त्याच नव्यानें उमटतात. दोष मात्र पॉलिशच्या कंपनीला किंवा यंत्राला दिला जातो.

येथेंच खरी हानि आहे. स्वच्छ पॅडानें दोन फेऱ्यांत होणारें काम भरलेल्या पॅडानें पांच फेऱ्यांतहि होत नाहीं. वेळ आणि वीज यांचा अपव्यय कसाबसा सोसवेल, परंतु त्या वाढीव फेऱ्यांत जो थर झिजला तो चकाकी न देतांच गेला.

टॉवेलचा उपाय

यावर उपाय इतका साधा आहे कीं त्याचें महत्त्व कोणास वाटत नाहीं. गाडीचा साधारण दोन फूट लांब व दोन फूट रुंद असा भाग एका वेळीं घ्यावयाचा, आणि तो संपून रंग पुसून होतांच, दुसऱ्या भागाला हात घालण्यापूर्वीं, पॅड स्वच्छ करावयाचें. हेलकावणारें यंत्र असल्यास त्याचें तोंड वर करून यंत्र मांडीवर भक्कम धरावें, तळहातावर सुती टर्किश टॉवेलची घडी घ्यावी, वेग मंद ठेवून यंत्र चालू करावें आणि टॉवेल पॅडावर आठ-दहा सेकंद दाबून धरावा. टॉवेलच्या पृष्ठावर सुताच्या ज्या उभ्या कड्या असतात त्या फोमच्या घरांत शिरून लगदा ओढून घेतात आणि वाढलेली ओलहि शोषतात. टॉवेल उचलून पाहिला म्हणजे त्यावर उमटलेलें करडें वर्तुळ सर्व कांहीं सांगून जातें.

सोलापूरकरांस या कामासाठीं परगांवच्या महाग वस्तूची गरज नाहीं, ही मौजेची गोष्ट आहे. बाजारांत मिळणारे मऊ मायक्रोफायबरचे रुमाल रंग पुसण्यास उत्तम; पण पॅड साफ करण्यास सुती कड्यांचा जाड टॉवेलच हवा, आणि तो तर या गांवच्या मागांवर विणला जातो. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांनीं आणि यंत्रमागांनीं हा धंदा टिकवून धरला, आणि सोलापुरी चादरीप्रमाणेंच सोलापुरी टॉवेललाहि भौगोलिक मानांकन मिळालें आहे. घरांतील विरलेला परंतु कड्या शाबूत असलेला टॉवेल याहून चांगल्या कारणीं लागणें कठीण. मात्र एकदां या कामास घेतलेला टॉवेल पुन्हां अंग पुसण्यास किंवा गाडी पुसण्यास घेऊं नये, व घरच्या धुण्यांतहि टाकूं नये. त्यांत घासणारे कण राहिलेले असतात. तो निराळा धुवून, खूण करून, निराळाच ठेवावा.

भोंवऱ्यासारख्या फिरणाऱ्या जलद यंत्रावर टॉवेल धरणें धोक्याचें आहे. कापड गुंडाळलें जाऊन हात ओढला जाण्याचें भय असतें. तेथें यंत्र बंद करून नायलॉनच्या मऊ ब्रशानें पॅड मधून कडेकडे झाडावें. हवेचा पंप जवळ असल्यास त्याच्या झोतानेंहि घरें मोकळीं होतात. त्या वेळीं डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर पट्टी अवश्य असावी. यंत्र कोणतेंहि असो, ओढणी, पदर, सैल बाही व गळ्यांतील सांखळी आवरूनच कामास बसावें, आणि पॅड बदलतांना विजेची पिन काढून ठेवावी.

एका पॅडावर सबंध गाडी उरकण्याचा मोह धरूं नये. मध्यम आकाराच्या गाडीस पांच-सहा पॅड जवळ असावींत. टॉवेलनें पुसूनहि पॅड जड व गरम लागूं लागलें कीं तें बाजूस ठेवावें व दुसरें घ्यावें. जाड कंपाउंडाचें पॅड आणि बारीक पॉलिशाचें पॅड यांची गल्लत तर कधींच होऊं देऊं नये. तिखटाचा चमचा साखरेच्या डब्यांत न घालण्याइतकीच ही शिस्त सोपी आहे.

धुणें व वाळविणें

दिवसाचें काम संपल्यावर पॅड तसेंच टाकून दिल्यास रात्रींतून आंतील लगदा दगडासारखा होतो. तें लगेच कोमट पाण्यांत सौम्य साबण घालून भिजवावें, अंगठ्यानें दाबून मळ काढावा आणि पाणी निवळ येईपर्यंत खळबळावें. पिळूं मात्र नये. पिळ्यानें फोम फाटतो व डिंक सुटतो. दोन तळहातांत दाबून पाणी काढणें पुरे. सोलापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथें पाण्याची काटकसर कोणास सांगावी लागत नाहीं. कामाच्या ओघांत टॉवेलनें पॅड पुसण्याची संवय ठेवली तर शेवटीं धुण्यास फारच थोडें पाणी लागतें, हा त्या पद्धतीचा आणखी एक गुण. बोअरचें पाणी जड असेल तर साबणाचा साका व क्षार फोममध्यें राहतात. म्हणून शेवटचा एक तांब्या गाळलेल्या गोड पाण्याचा असावा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून वाया जाणारें पाणी बादलींत धरण्याची चाल चांगली आहे; पण त्यांत क्षार अधिक असल्यामुळें तें फरशीस वापरावें, पॅडास नव्हे.

वाळवितांना फोमची बाजू खालीं व वेलक्रोची वर ठेवावी, म्हणजे पाणी डिंकाकडे न जातां खालीं उतरतें. जागा सावलीची व वाऱ्याची असावी. गच्चीवर पापडांशेजारीं पॅड वाळत घालण्याचा विचार कोणाच्या मनांत येईल तर तो सोडून द्यावा. कडक ऊन्ह फोमला पिवळा व ठिसूळ करतें. नीट वाळलेलें पॅड झांकणाच्या डब्यांत ठेवावें, कारण त्यावर बसलेली धूळ पुढच्या वेळीं रंगावरच फिरावयाची असते.

गिऱ्हाइकानें काय पहावें?

स्वतः यंत्र हातीं धरणारे थोडे. गाडी गॅरेजांत नेणारेच फार. त्यांनीं किंमत विचारण्याबरोबर आणखी दोन-तीन प्रश्न विचारावेत. गाडी प्रथम नीट धुणार काय? काम सावलींत होणार काय? किती पॅड वापरणार, आणि मधून मधून तीं कशानें साफ करणार? चांगला कारागीर अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. आपलें काम जाणणारा कोणी भेटला याचा त्याला आनंदच होतो. त्याची अडचणहि गिऱ्हाइकानें ओळखावी. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं गाडी नेऊन ‘तासाभरांत चमकवून दे’ म्हणणारा माणूस स्वतःच्याच गाडीचा थर खर्चीं टाकीत असतो, कारण घाईच्या कामांत सर्वांत आधीं वगळली जाते ती पॅडाची सफाई. ती केली नाहीं तरी त्या संध्याकाळीं गाडी चमकते. तेलकट पॉलिश रेषांना तात्पुरतें झांकतें, आणि चार धुण्यांनंतर जाळें पुन्हां दिसूं लागतें.

याहूनहि उत्तम गोष्ट म्हणजे पॉलिशची पाळीच क्वचित् येऊं देणें. कोरडें फडकें बंद करून आधीं पाण्यानें धूळ वाहून जाऊं द्यावी आणि मग मऊ ओल्या कापडानें, फार न दाबतां, गाडी पुसावी, एवढा एक नियम घरांतील लहानथोरांनीं पाळला तर तो थर कितीतरी वर्षें अधिक टिकेल.

खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतों. गाडीला झेंडूची माळ घालतों, यंत्राला गंध-फूल वाहतों. ही चाल सुंदर आहे व ती चालावी. परंतु शस्त्रपूजनाच्या आधीं शस्त्र घासूनपुसून ठेवण्याचाहि प्रघात आहे, हें विसरूं नये. जातें टाकून बसणारी आजी, कानस झाडणारा लोहार आणि दर दोन फुटांनंतर टॉवेलवर पॅड पुसणारा गॅरेजमधील तरुण हे एकाच परंपरेंतले आहेत. त्या तरुणाला चार मिनिटें अधिक लागतात. तीं त्याला द्यावींत, आणि त्याचा मोबदलाहि खळखळ न करतां द्यावा.